काय खाल्लं होतं

डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं होतं यानं?
मी म्हणालो, काही नाही. बेदाणा.

सावळजच्या शेडवर बेदाणा म्हणजे काहीच नाही.
तो पायाखाली असतो, पदरात असतो,
चहाच्या कपात तळाशी सापडतो.
बाळंतिणीला देतो आम्ही, तापातनं उठलेल्याला,
पाहुण्याला ओंजळभर, न मोजता.
टिल्यालाही तसाच दिला,
जाळीखाली पडलेला, काडीसकट, मूठभर.
रात्रीची राखण करतो म्हणून.

डॉक्टर म्हणाले, कुत्र्याला हे विष.
द्राक्ष, मनुका, बेदाणा, सगळंच.
किती खाल्ल्यावर?
तर म्हणे, सांगता येत नाही.
एखादं घमेलंभर खाऊन शेपूट हलवतं,
एखाद्याची मूठभरातच किडनी बसते.

हौसाक्काचे हात काड्या निवडायचे थांबले.
आधीच्या काळ्याला तिनं सात सिझन भरवला होता.
तो कशानं गेला
हे कुणी विचारलंच नव्हतं.

सलाईनची बाटली रॅकच्या तारेला टांगली.
आता लघवी होते का तेवढं बघा,
म्हणत डॉक्टरांनी गाडीला किक मारली.

दोन रात्री अख्खी शेड
एका कुत्र्याच्या लघवीची वाट बघत बसली.
तासगावच्या सौद्यात भाव काय निघाला
हे विचारायचंही राहिलं.

तिसऱ्या दिवशी उजाडताना
टिल्या उठला, लटपटला,
आणि नेमका एक नंबर मालाच्या बॉक्सपाशी जाऊन
त्यानं पाय वर केला.
एरवी मी दगड उचलला असता.
दस्तगीर म्हणाला, होऊ दे. होऊ दे बाबा, सावकाश.
हौसाक्कानं तोंड फिरवलं,
आज गंधकाचा धूर लई झालाय, म्हणाली.
त्या दिवशी गंधक पेटवलंच नव्हतं.

आता रोज कडूसं पडायच्या आत जाळ्यांखाली झाडू.
टिल्याला कलिंगडाची फोड, बिया काढून.
ज्या बोटांनी काड्या, त्याच बोटांनी बिया.
केळं चालतं. सफरचंद चालतं, मधला गाभा सोडून.
दस्तगीरनं खडूनं पत्र्यावर लिहून ठेवलंय
भावाच्या आकड्यांशेजारी.

टिल्याला कुठं वाचता येतंय.
तो झाडूकडं बघतो, मग माझ्याकडं,
काल देत होतास की,
असं.
आणि माझी मूठ खिशात,
सवयीनं भरलेली,
उघडत नाही.