हरकत

अहवाल नऊशे बारा पानांचा.
आमचं गाव पान चारशे तीनवर,
तेही चुकून: हिरेवाडगीचं हिरेवाडी झालेलं.
म्याकल सरांनी पहिली हरकत तिथंच घेतली,
गाळलेल्या 'ग'साठी लाल काकपद.

समिती म्हणजे आम्ही अकरा जण
आणि साखर पेठेतला माझा टायपिंग क्लास.
चालू मशीन एकच, त्याचा 'र' अडकतो.
शिवलिंगव्वा कन्नडात सांगायची,
कोंडाबाई मांडीवर विडीचं सूप घेऊन तेलुगूत,
रज्जाक बागवान टेम्पो लावून आला की शिव्यांसकट मराठीत.
मी शिव्या वगळून टाइप करायचो.
'किरणोत्सार' समजावताना सरांनी खिडकी लावली.
म्हणाले, ऊन दिसतंय का आता? नाही.
हात लावून बघा भिंतीला.

वीज नको, असं कुणीच म्हणत नव्हतं.
दिवे गेले की आमच्याही गल्लीतले माग मुके होतात.
शिवलिंगव्वाचा पोरगा तर सुनावणीला
कंपनीची टोपी घालून पहिल्या रांगेत.
आईकडं बघितलं नाही त्यानं.
तिनं बघितलं, जेवलास का म्हणून खुणेनं विचारलं.

मंडपात कूलर, व्यासपीठावर बाटल्या,
प्रत्येकाला तीन मिनिटं.
कोंडाबाईला अर्धंच लागलं:
"माझ्या नळाला पाचव्या दिवशी पाणी.
तुमच्या भट्टीला कितव्या दिवशी?"
साहेबांनी पानं उलटली. शेजाऱ्याची पण उलटली.
मग कुणीतरी माइकपासून लांब म्हणालं, रोज.

इतिवृत्तात आलं:
'पाण्याबाबत शंका उपस्थित झाली. निरसन करण्यात आले.'
मंडपात मी शेवटपर्यंत होतो.
निरसन मला दिसलं नाही.

म्हणून पुन्हा कागद, पुन्हा अडकणारा 'र'.
जन्मभर आपण म्हणत आलो, हरकत नाही.
चहा गार झाला, हरकत नाही.
पाणी उद्यावर गेलं, हरकत नाही.
नाही-शिवायचा तो शब्द
पासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा टाइप केला
तेव्हा उघडा वाटला, जावळ काढलेल्या पोरासारखा.

परवा पाण्याच्या फेरअभ्यासाचं पत्र आलं.
सोबत नवा अहवाल, अकराशे पानांचा.
हिरेवाडगी आता बरोबर छापलंय.
अजून तरी बदललंय ते एवढंच.

आज आवक खिडकीवर कारकून म्हणाला,
"शिक्का उद्या मारतो, चालेल ना?"
जीभ सवयीनं वळली होती.
मी पिशवी खाली ठेवली,
बाकावर बसलो.
म्हणालो, थांबतो.