दोन्ही तळवे निळे

पंचनाम्यात लिहिलंय: दोन्ही तळवे निळे,
विषाचा संशय.

आमच्या दाजी पेठेत यावर कुणी हसलंही असतं,
दिवस तसा नसता तर.
रंगखात्यातल्या माणसाचे तळवे
दुसऱ्या कुठल्या रंगाचे असणार?
नायना भात कालवायचे तेव्हा
मी रोज बघायची, भात निळा होतो का.
कधी झाला नाही.

मल्लेशम नरसप्पा चिप्पा, वय चौतीस, धंदा रंगारी.
सन एकोणऐंशी. गड्ड्याची जत्रा उठत होती,
पाळणे खोलून ट्रकवर चढत होते.
कारखान्यामागच्या नाल्यात, पालथे,
डोकं मागून फुटलेलं,
आणि पोलीस तीन महिने विष शोधत राहिले.

अम्मा विड्या वळायची. दिवसाला हजार.
नायनांचं नाव निघालं की कात्री थांबायची,
तेंदूचं पान अर्धं कापलेलं,
मग कुणीतरी विषय बदलायचं, बहुधा मीच.
एकदाच म्हणाली, तेलुगूत, भिंतीकडे बघून:
त्यानेच.

तो म्हणजे अंबय्या बोद्दूल, भागीदार.
दोन माग दोघांचे होते, ते त्याचे झाले,
मग आठ, मग चोवीस.
आणखी पुरावा काय लागतो?

दर संक्रांतीला त्याच्याकडून टॉवेल यायचे, अर्धा डझन,
कडेला लाल पट्टी.
अम्माने त्यांनी फरशी पुसली. चाळीस वर्षं.
त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका
मी बंबात घातली.
तो गेला त्या दिवशी मी शेंगा भाजत होते,
दारावरून वाजतगाजत नेला त्याला,
मी शेंगा भाजत राहिले. थोड्या करपल्या.

मग अम्मा गेली,
आणि कुणीतरी सांगितलं, अर्ज करता येतो.
दहा रुपयांचं तिकीट. अठ्ठाविसाव्या दिवशी उत्तर:
अ समरी मंजूर. गुन्हा खरा, आरोपी मिळून आला नाही.
मुद्देमाल डबा एक, चप्पल एक, नाश केला.
सोबत पंचनाम्याची नक्कल, पाने दोन.

गुन्हा खरा.
एवढं तरी लेखी मिळालं.

नकलेखाली लिहिणाऱ्याचं नाव: सिद्रामप्पा बिराजदार, शिपाई.
होटगी रोडला लेकाकडे असतो, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,
कडक भाकरी चहात बुडवून खात होता.
"निळे मीच लिहिलं, अक्का.
नोकरी सहा महिन्यांची, मी अक्कलकोटकडचा, रानातला,
मला काय ठाऊक रंगाचं."

मी नाव घेतलं. अंबय्या.

तो बराच वेळ कपात तुकडा शोधत राहिला.
"तो कसा करंल?
त्या रात्री आमच्याच कोठडीत होता की,
जत्रेत पत्त्यांवर धरलेला.
सकाळी मीच सोडला, मीच नाल्यावर नेला,
ओळख पटवायला.
हात बघून म्हणाला, साहेब, हा रंग आहे, विष नव्हे.
साहेबांनी ऐकलं नाही.
जुगाराचं कुणाला सांगू नका म्हणून माझे पाय धरले,
मी बी सांगितलं नाही."

मग कोण?

"तेच तर, अक्का," तो म्हणाला,
आणि सुनेला माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला.

परतताना रिक्षा बोद्दूलांच्या कारखान्यावरून आली.
शटर खाली. मागांचा आवाज नाही,
ते बरं वाटलं, की वाईट, ठरवता आलं नाही.

त्याच्या मुलीचा नंबर मिळवलाय.
फोन करून काय सांगायचं?
तुझ्या बापाने काही केलं नव्हतं?
ते तिला माहीत असणारच,
जन्मापासून.

ट्रंकेत शेवटच्या वर्षाचे सहा आहेत, सुतळीत बांधलेले.
सोडले नाहीत.
दोन दिवस फरशी तशीच आहे.
पुसायला घरात काही नाही.