प्लॉट नंबर सत्तेचाळीस

पिपळा रोडच्या लेआउटमध्ये
आमच्या प्लॉटचा नंबर सत्तेचाळीस.
धनराज म्हणाले, नंबर कशाचा, हा तर मे महिन्याचा पारा.
रजिस्ट्री माझ्या नावावर,
बाईच्या नावावर एक टक्का सूट मिळते म्हणून.
तेवढंच का, असं मी विचारलं नाही.
सही केली.

आता घराला नाव पाहिजे.
कामठी रोडवर हफीजभाईंनी
काळा ग्रॅनाइट कापून ठेवलाय, पाचशे ॲडव्हान्स.
अक्षरामागे साठ रुपये,
काना-मात्रा फुकट, जोडाक्षराचे नव्वद.
धनराजना 'श्रमसाफल्य' हवं होतं.
बोटांवर हिशेब करून म्हणाले,
नुसतं 'श्रम' ठेवलं तं?
मोठ्या भाऊजींना सासूबाईंचं नाव हवं,
त्या अंथरुणावर होत्या तेव्हा जे दोनदा आले.
पुण्याहून निखिलेशचा मेसेज: 'घरटं'.
पिल्लू परतायचं नाही, घरटं मात्र पाहिजे.
आणि आमचं आडनाव निनावे.
हफीजभाईंनी ते पावतीवर लिहिलं,
थांबले,
आणि चष्मा काढून डोळे पुसत हसले.

मी तीस वर्षं डागा दवाखान्यात, लेबर वॉर्डला.
इवल्या मनगटांना पट्ट्या बांधल्या, मोजल्या नाहीत.
पट्टीवर बाळाचं नाव कधीच नसतं.
आईचं नाव, तारीख, वेळ, वजन.
वैजयंता मेश्रामचं बाळ.
रुखसाना शेखचं बाळ.
ममता उईकेचं बाळ, दुसरं.
नाव मागाहून येतं, बाराव्या दिवशी,
आत्याच्या तोंडून कानात कुर्र करत.
तोवर बाळ काय थांबतं?
दूध ओढतं, दुपटं भिजवतं,
कावीळ झाली तर निळ्या दिव्याखाली
डोळ्यांवर पट्टी बांधून निवांत झोपतं.

काही पट्ट्या नाव यायच्या आधीच कापाव्या लागल्या.
त्या बाळांना मी मनातल्या मनात एकेक नाव दिलं.
ती पाटीवर लिहायची नाहीत.

हे घर मी रात्रपाळीवरून येऊन वाढवलं.
सकाळी सातला, पांढऱ्या बुटांनी चिखलात उभी राहून
हातात पाइप, भिंतींना तराई.
उन्हाळ्यात विटा असं पाणी ओढायच्या
की कान दिला तर चुटूचुटू ऐकू यायचं.
मिस्त्री म्हणायचा, सिस्टर, झोपा आता.
मी म्हणायची, हिचं पोट भरू दे.

गेल्या गुरुवारी नळ जोडले.
शंभरकर प्लंबरनं कॉक फिरवला
आणि पाइपांत अडकलेली हवा सुटून
वरच्या टाकीपासून खालच्या मोरीपर्यंत
सगळं घर एकदम ओरडलं.
शंभरकर दोन पावलं मागे सरला.
मी घड्याळ पाहिलं. सवय.
अकरा वाजून सात.

संध्याकाळी गेटवर चिकटपट्टी लावली,
वॉर्डातलीच, पांढरी, रुंद.
तिच्यावर बॉलपेननं लिहिलं:
चित्ररेखा निनावेचं.
गुरुवार, अकरा-सात.
रडलं लगेच.
वजन:

तेवढ्यात हफीजभाईंचा फोन.
सिस्टर, नाम भेजो, कारीगर खाली बैठा है.
म्हटलं, दगड राहू द्या तुमच्याकडे.
ते म्हणाले, पत्थर को क्या जल्दी.

धनराज दोनदा गेटपाशी जाऊन वाचून आले.
दुसऱ्यांदा आले तेव्हा म्हणाले,
पहिल्याच पाण्यात निघून जाईन हे.
निघू दे, मी म्हटलं.
मग पेन मागून घेतलं त्यांनी,
पुन्हा गेले,
बराच वेळ वाकून उभे राहिले.
वजनापुढे आता त्यांच्या अक्षरात लिहिलंय:
एकोणीस लाख, हप्ते बाकी.