लगेज

अनगोळात पिठाच्या गिरणीमागे एक खोली,
तिच्यात पोत्यांखाली दोन यंत्रं.
ईरप्पा तिगडींनी आधी मोठ्याचं पोतं ओढलं.
चाक, पायटा, सगळं ओतीव बीड.
"ह्याच्यावर एका दिवसात हजार पत्रिका काढलोय, बाई."
मी आमच्या जिन्याची रुंदी सुतळीवर मोजून आणली होती,
मापाला गाठ मारून.
चाक गाठीच्या पुढं चार बोटं गेलं.
तो विषय तिथंच मिटला.

दुसरं शिवणयंत्राएवढं. जड मात्र कमी नाही.
चौकट आठ इंच बाय पाच,
पोस्टकार्ड बसतं आणि कडेनं बोटभर जागा उरते.
रूळ गेलेले. एकावर उंदराचे दात,
दुसरा अंगठ्याला गुळासारखा चिकटला.
"रुळाचं काय, कोल्हापुरात भरून देतात.
बीड कुठं तडकलंय काय ते बघा,
बिजागरी हलवून बघा."
बघितलं. दांडा खाली ओढला.
एकतीस वर्षं खानापूर पोस्टात
तारखेचा शिक्का मारलेलं मनगट,
ते माझ्याआधीच हो म्हणून मोकळं झालं.
पेन्शनीचा हिशेब मी नंतर केला.

ते नऊ म्हणाले, मी साडेसहा.
मग चहा आला, आणि बशी रिकामी होईपर्यंत
दोघंही गिरणीचा आवाज ऐकत बसलो.

खिळे वेगळे, किलोवर.
घर बदलताना दोन्ही केसी उपड्या झालेल्या,
मराठी कन्नड एकाच पातेल्यात,
शिशाची खिचडी.
जमिनीवर वर्तमानपत्र पसरून वेचायला बसलो.
त्यांना माझे काने, वेलांट्या चष्म्याशिवाय कळत होत्या.
मला कन्नड येतं ते पत्त्यापुरतं,
नाव, गल्ली, तालुका;
इथं अक्षरं उलटी, म्हणजे तेवढंही गेलं.

ळ चारच निघाले. चारही गुळगुळीत.
"काय करणार? लग्न कुणाचंही असूद्या,
पत्रिकेवर बेळगाव हाय, अनगोळ हाय.
येळ्ळूर आलं की दोन-दोन लागतंय."
मग आपल्या ढिगातून कन्नडचा ळ शोधून
त्यांनी माझ्या तळव्यावर ठेवला.
तोही तसाच,
न्हाणीत उरलेल्या साबणाच्या चकतीसारखा.

सात हजार दोनशे.
पातेलं परत करायचं, या बोलीवर.

बसमध्ये कंडक्टरनं बुटाच्या टोकानं ढोसलं,
"एन इदु?"
छापखाना, म्हटलं.
त्यानं पट्ट्याला लटकलेलं आपलं यंत्र थोपटलं,
कुर्र करत लगेजचं तिकीट काढून दिलं.
त्याची शाई देसूर येईस्तोवर फिकट झाली.

घरी टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा घातला.
शाई नाही, रूळ कोल्हापूरला जायचे,
तरी रात्री राहवेना.
चार खिळे जुळवले, पाचर ठोकली,
कोरडंच दाबलं कार्डावर.
दिव्याखाली काही दिसेना, म्हणून बोट फिरवलं.
बे लागला. पुढं सपाट.
मग गा, मग व.

तेच कार्ड तिगडींना टाकलं.
पत्त्याशेजारी पेनानं लिहिलं:
पातेलं बुधवारी घेऊन येते.
ळ अजून कुठं सांडलेत का, बघून ठेवा.
— हलगेकर बाई