पांगनिर्तुंग ते इकालुइट

मरोळला, तिसऱ्या मजल्यावर, रात्री सव्वादोनला
मी पांगनिर्तुंगहून इकालुइटला विमान पाठवतो.
अंतर तीनशे किलोमीटरच्या आतबाहेर,
वेळ एक तास पाच मिनिटं,
समोरून वारा असला तर आणखी बारा.

दोन्ही गावं मी पाहिलेली नाहीत.
नकाशावर त्यांच्यामध्ये पांढरं आहे, रस्ता नाही.
फेल्सी मिस्किटा म्हणते, नुसतं पांग म्हण, सगळे तसंच म्हणतात.
माझ्याच्यानं म्हणवत नाही.
पांग आमच्यात फेडायचे असतात.

आज तिकडे धुकं.
प्रवाशांत एक बाई, वय एक्क्याऐंशी, चाकाची खुर्ची,
सामान: मासे, एक खोका.
घ्यायला येणार: मुलगा.
तिसऱ्यांदा वेळ पुढे ढकलतो,
कारणाच्या रकान्यात लिहितो, हवामान.

भाऊच्या धक्क्यावरून मोरा, लाँचने पाऊण तास.
आई फोनवर विचारते, कवा येशील रं?
मी ओहोटीचं सांगतो. गाळ साचलाय, लाँच लागत नाही.
जन्मभर त्याच चिखलात कालवं फोडलेली बाई,
भरतीच्या वेळा तिला बोटांवर.
बरं, म्हणते. पानी चढंल तवा ये.

पावणेपाचला धुकं विरलं.
एक तास अकरा मिनिटांनी उतरल्याचा निरोप आला,
खाली वैमानिकाची एक ओळ:
खोका वाटेत फुटला, सगळ्या विमानाला वास.

फेल्सी विचारते, हसतोस काय?

मोबाईलवर भरतीचा तक्ता उघडतो.
पाणी चढतंय.