मुजावर, बोटीवर जाणार असशील तर

ऐक, मुजावर.
बोट चारला सुटते म्हणून
आदल्या रात्रीची सांगली-मुंबई धरू नकोस.
एक दिवस आधीच जा, कुर्ल्याला मेहुण्याकडे पड.
आपली गाडी पेठनाक्याला पंक्चर झाली
तर मी कंट्रोल केबिनमधून माइकवर सांगायचो,
"गाडी उशिरा धावत आहे."
बोट उशिरा धावत नाही.
तुझ्याशिवाय धावते.

खोली मधली घे, आणि खालच्या मजल्यावरची.
अठ्ठावीस वर्षं स्टेअरिंग धरलंस, तुला काय सांगायचं,
मागच्या चाकावरच्या सीटवर बसतो
तोच उलटीची पिशवी मागतो.
हमीदाभाभी म्हणतील, खिडकी पाहिजे.
म्हणावं, समुद्र वरच्या डेकवर फुकट आहे,
आणि बिनखिडकीच्या खोलीत अशी झोप लागते
की उजाडलं का, ते घड्याळाला विचारावं लागतं.

मोठी बॅग धक्क्यावरच काढून घेतात,
खोलीत येते ती रात्री.
बीपीच्या गोळ्या, आलेपाक, एक लुंगी
हातातल्या पिशवीत ठेव.
आमची सुलभा पहिल्या संध्याकाळी
प्रवासाच्याच साडीत जेवायला बसली.
शेजारची बाई नखशिखांत चमकत होती,
आणि हिच्या पदरावर कराडच्या चहाचा डाग.

किल्ली म्हणजे एक कार्ड, तेच पाकीट.
दाखवलं की सरबत, दाखवलं की फोटो.
खिशातून नोट जात नाही, म्हणून दुखत नाही.
दुखतं शेवटच्या पहाटे,
दाराखालून कागद सरकतो तेव्हा.
पिण्याचं पॅकेज घेऊ नकोस.
तू पीत नाहीस, मी पितो, आणि मीही तोट्यात गेलो;
सहा ग्लासांशिवाय वसूल होत नाही,
आणि तिसऱ्यालाच सुलभा होती.

हलालचं तिकीट काढतानाच सांगून ठेव.
जेवणाच्या हॉलमध्ये आधी रिकाम्या ताटानं एक चक्कर मार.
मार्केट यार्डात पहिल्याच ढिगाची हळद
घेतो का कुणी?
आणि भडंगाचे चार पुडे, सीलबंद.
तिसऱ्या दिवशी सगळ्याच भाज्यांची चव एक होते.
आम्ही पुडा फोडला
तर वाईचं एक जोडपं
वासावर आमच्या दाराशी आलं.

हां, पहिल्याच दिवशी भोंगा वाजतो.
सगळ्यांना गोळा करतात,
नारिंगी जाकीट कसं घालायचं ते दाखवतात.
लोक हसतात, सेल्फी काढतात.
सुलभानं पट्टा एका झटक्यात आवळला,
शेजारच्या पोराचाही आवळून दिला.
तिथला मुलगा म्हणाला,
"आंटी, आधी बोटीत बसला होता का?"
ती म्हणाली, "हो. आमच्याच गल्लीतून."

त्याला काय कळणार.
एकोणीस सालचा ऑगस्ट, गावभाग,
आमच्या गॅलरीच्या कठड्याला टेकलेली रबरी बोट,
आणि बोटीत तू.
जवानांना बोळ दाखवायला गेलेला,
दोन दिवसांचा उपाशी.
ही कठड्यावर थरथरत उभी
आणि तू खालून ओरडलास,
"वहिनी, पुढच्या दारानं उतरा!"
ती हसली आणि उतरली.
त्या बोटीचं तिकीट मी अजून दिलेलं नाही.

असो.
फोन विमानाच्या मोडवर टाक,
समुद्रातला एक मिनिट एका साडीला पडतो.
बंदरावर उतरलात तर घड्याळ बोटीचं पाळ, गावाचं नाही,
आणि तासभर आधी परत ये.
पैशाचं काय ते आपण दोघं बघू.
भाभींना सांगू नकोस.

शेवटचं एक.
उतरायच्या आदल्या रात्री बॅग दाराबाहेर ठेवायला सांगतात.
ठेव, पण सकाळची पँट आत राहू दे.
मी विसरलो.
लुंगीवर उतरलो मुंबईच्या धक्क्यावर,
सगळ्यांसमोर,
पुढच्या दारानं.