खालचा ट्रे

जुलैत चिलोए बेटावर उजेड उशिरा येतो
आणि आल्यासारखं करून परत जातो.
आवारातलं गवत नुसतं पाण्यात उभं,
त्यात कोंबड्या पाय घालायला तयार नाहीत.
म्हणून चुलीमागच्या फळ्यांवर
मी कुरण मांडलंय. सात ट्रे,
दोन तर बेकरीने टाकून दिलेले,
तापल्या खिळ्याने मीच त्यांना भोकं पाडली.

ओट रात्रभर भिजवायचे.
सकाळी निथळून पसरायचे, बोटाच्या पेराएवढा थर.
जास्त हावरेपणा केला की मधोमध तापतात,
आंबूस वास सुटतो, मग सगळंच गेलं.
तिसऱ्या दिवशी दाण्याच्या टोकाला पांढरं काहीतरी,
तान्ह्याच्या हिरडीत दात दिसावा तेवढंच.
मग मुळं एकमेकांचे हात धरतात,
विचारत नाहीत तू कुठल्या पोत्यातला.
आठव्या दिवशी ट्रे उलटा केला
की अख्खी हिरवी घोंगडी हातात येते.

बावीस वर्षं मी सामनला चारलं.
खाडीत तराफा, तराफ्यावर खोली, खोलीत पडदा.
बटण दाबलं की नळ्यांतून गोळ्या सुटायच्या.
खाली लाखभर तोंडं,
त्यातलं एकही माझ्या ओळखीचं नाही.
पाळी संपली की लिहायचं, किती किलो गेलं.
कोण जेवलं, असा रकाना नव्हता.

इथे सहाजणी आहेत.
एदेल्मिरा त्यांना नावं ठेवते, दोन्ही अर्थांनी.
काणी. पाद्रीण. कर्जवाली. दोन बहिणी.
आणि ती बिनशेपटीची, जी निळं अंडं घालते
आणि घातल्यावर असा गवगवा करते
की जणू बेटावर दुसऱ्या कुणाला जमतच नाही.
घोंगडी खाली टाकली की आधी वरचं हिरवं खुडतात,
मग मुळं फाडतात, मग उरलेल्या दाण्यावरून भांडतात.
मी कुंपणाला टेकून बघतो.
तिकडे तराफ्यावर एवढं बघणं
कामचुकारपणा ठरला असता.

ऑगस्टमध्ये एदेल्मिराला बोटीने पलीकडे नेलं,
पुएर्तो मोन्तच्या इस्पितळात. छातीचं दुखणं.
मी नऊ दिवस तिच्या खाटेशेजारी, लोखंडी खुर्चीत.
कोंबड्यांना मका घाल, एवढंच
कार्कामोंच्या धाकट्याला सांगून गेलो होतो.
ट्रेचं बोललोच नाही. तोंडात आलंच नाही.

परतलो तेव्हा दारातच वास.
वरच्या फळीवर राखाडी केस उगवलेले,
मधल्या फळीवर कोरडी काटकी.
सहा ट्रे मी खड्ड्यात पुरले, वर चुना टाकला,
नाहीतर चोच मारायला त्या जाणारच.
खालचा ट्रे मात्र वीतभर वाढलेला,
दाटीने एका बाजूला कललेला, ओला.

एलियासला विचारलं. सहा वर्षांचा आहे.
म्हणाला, "पाणी घातलं की मी.
तेवढ्यालाच हात पुरत होता."
कपबशीतल्या कपाने.
कप अजून तिथेच होता, कान तुटलेला.

संध्याकाळी फोन लागला.
डॉक्टर काय म्हणाले ते तिने सांगितलं नाही,
आधी विचारलं, "कोण कोण जेवलं?"
मी एकेकीचं नाव घेतलं.
काणी जेवली. पाद्रीण जेवली, पण चिडून.
कर्जवालीने बहिणींचं ओढलं.
बिनशेपटीची बसूनच आहे, उद्या बघतो.
"आणि तू?"
खिडकीत निळं अंडं ठेवलेलं, शुक्रवारी न्यायला.
बाहीला एक कोंब चिकटलेला होता,
तो मी काढला, खाल्ला. गोडसर लागतो.
म्हणालो, ओट भिजत घालतोय.